पाखरांच्या घरातले उंदीर

कुंडलच्या तात्याबांनी उभ्या जन्मात गावाला हसायला दोनच कारणं दिली. एक, त्यांनी पाखरांसाठी घरं बांधली. दुसरं, त्या घरांत उंदीर ठेवले.

पहिल्या लढाईत तात्याबा पलटणीत सुतार होते. तिकडं फ्रान्समध्ये कुठल्याशा बागेत झाडांना टांगलेली लाकडी घरं त्यांनी पाहिली. रंगीत, उतरत्या छपराची, पुढं गोल भोक असलेली. त्यांच्या मनानं तेव्हा जे घेतलं ते वीस-पंचवीस वर्षांनी, गुडघे धरून नांगर सुटल्यावर बाहेर पडलं. उसाला लागूनच घर होतं आणि घरामागं बाग. पेरू, डाळिंब, शेवगा, पाटाच्या कडेनं झेंडू. चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणि रॉकेलच्या डब्यांचा पत्रा घेऊन म्हातारा तिथं बसला आणि दोन वर्षांत त्यानं चौदा घरं टांगली. एक किर्लोस्करवाडीच्या ठेसनासारखं होतं, एक साताऱ्याच्या कचेरीसारखं, आणि एक फ्रान्समधल्या चर्चसारखं, फक्त वर क्रूस नव्हता, भगवा झेंडा होता. चिमण्यांनी त्यांच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्या आपल्या आढ्यातच काड्या आणून घरभर कचरा करत राहिल्या.

मग तात्याबांनी मिरजेच्या उरुसातून पांढऱ्या उंदरांची जोडी आणली. लाल डोळे, गुलाबी शेपट्या. गणपतीचं वाहन आहे, असं म्हणून त्यांनी सुनेची समजूत घातली. गावाची समजूत घालणं अवघड होतं. घरात उंदीर मरून पडला की प्लेगाच्या भीतीनं अख्खं गाव बोचकी बांधून माळावर झोपड्या घालायला पळायचं. एकाच घरातली चार-चार माणसं प्लेगानं नेलेली. "लोकं उंदीर बगून गाव सोडत्यात, आन ह्यो गडी त्येला बंगलं बांधून देतोय," असं चावडीवर बोलणं व्हायचं. जोडीचे बघता बघता बारा झाले.

सून म्हणजे बनुबाई. तिलाही आधी किळस यायची. पण गुंडाला उंदीर आवडले, आणि गुंडाला जे आवडेल त्यापुढं बनुबाईचं काही चालत नव्हतं.

गुंडा तिचा तिसरा. पहिला मुलगा सहा महिन्यांचा होऊन गेला. दुसरी मुलगी. ती गेली तेव्हा तिचा बाप, सयाजी, मराठा पलटणीतून आफ्रिकेत, हबसाणात लढत होता. त्याला कळवायचं नाही, असं तात्याबांनी ठरवलं. मोर्चावरच्या माणसाला असली बातमी कळली की त्याचा हात हलतो आणि हात हलला की माणूस जातो, हे ते स्वतः पाहून आले होते. म्हणून आठ महिने पत्रं जात राहिली. बाळ खुशाल आहे, बाळ बसू लागलं, बाळाला दात आले. मेलेल्या मुलीला त्या पत्रांत दात आले. मग मांडीत गोळी लागून सयाजी घरी आला तो चांदीचे पैंजण घेऊन. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पैंजण खुंटीला अडकवले, उसात गेला आणि दिवस मावळेपर्यंत उसाचा पाला काढत राहिला. चार महिन्यांनी मांडी भरून आल्यावर परत पलटणीत गेला. गुंडा त्याच्यामागं जन्माला आला.

हा जगावा म्हणून बनुबाईनं काय करायचं ठेवलं नाही. नाव गुंडा, म्हणजे धोंडा. धोंड्याला कोण नेतंय? नाक टोचून मुरणी घातली. पाच घरचे कपडे मागून आणून त्याला घातले. आणि मनाशी नेम केला, पाच वर्षं पुरी होईपर्यंत पोराचा फोटो काढायचा नाही. फोटोत माणसाची सावली ओढली जाते आणि तेवढं आयुष्य उणं होतं, असं तिच्या माहेरी लहानथोर सगळे मानायचे. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. दोन पोरं मातीत घालून आलेल्या बाईला हसणं सोपं असतं.

चव्वेचाळीस सालच्या दिवाळीनंतर इटलीहून सयाजीचं पत्र आलं. तात्याबांनी ओसरीवर बसून एकेक अक्षर लावत वाचलं. पोरगा दोन वर्षांचा होऊन गेला, मी त्याचं तोंड पाहिलं नाही. एक फोटो काढून पाठवा, बाकी काही नको.

"न्हाई," बनुबाई आतूनच म्हणाली.

"आगं पोरी, बाप हाय त्यो."

"मामंजी, तुमी कायबी सांगा. पाच वर्सं हू द्या. मग धा फोटू काढा."

तिसऱ्या दिवशी तात्याबांनी तोड काढली. पोराचा नको, तर पोराच्या खेळण्यांचा काढू. ही बाग, ही घरं, हे उंदीर. लिहू, की हे तुझ्या गुंडाचे सवंगडी, त्यांना बघ, पोराला आल्यावर बघ. बनुबाईला हे पटलं. तिला तर बरंच वाटलं. नवऱ्याला काहीतरी जाईल आणि पोराला धक्का लागणार नाही, दोन्ही साधलं.

सांगलीहून मानसिंग फोटोवाला सर्व्हिसच्या मोटारीनं आला. पेटी, तिपाई, काळं फडकं असा सगळा संसार डोक्यावर घेऊन तो बागेत उतरला आणि उंदीर बघून त्यानं हातच जोडले.

"तात्या, मी नवरानवरीचं काढतो, मेलेल्या मानसाचं सुदिक काढलंय. पर उंदराचं..."

"काड रं. मेलेल्यापरास बरं हायत. आन ह्ये माज्या पोराला लढाईवर जायाचं हायत."

"आवं, पर ह्ये हलत्यात. तीन आकडं म्हनस्तवर गप बसाय पायजे, न्हाईतर नुसतं धुकं उमटंल. आन माज्याकडं फोटू उमटायच्या काचा दोनच हायत. लढाईपाय काच मिळंना झालीया."

मग जे दोन तास चाललं त्याला गावातली निम्मी माणसं कुंपणावर जमली. घराघराच्या भोकात गुळाचा खडा चिकटवला. एकेका उंदराला नेऊन आपापल्या घरात बसवलं. तात्याबांनी ठेसनात एक बसवला की कचेरीतला उतरून खाली यायचा. त्याला धरावं तर चर्चमधला झेंडा कुरतडायला लागायचा. पहिली काच तर वायाच गेली. मानसिंगानं टोपण काढलं आणि नेमका एक उंदीर त्याच्या तिपाईवर चढला. कुंपणावरची माणसं हसून लोटपोट झाली. तात्याबा मात्र हसले नाहीत. तोफखान्याची तपासणी चालल्यासारखे ते या झाडाकडून त्या झाडाकडं फिरत होते.

हा सगळा वेळ बनुबाई गुंडाला घेऊन सोप्याचं दार लावून आत बसली होती. त्याच्यापुढं शेंगा टाकल्या होत्या, गोष्टी सांगत होती. चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून ती उठली, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. ती पळत बाहेर आली तर मानसिंगाचा आवाज, "येक... दोन... तीन!" आणि डाळिंबाच्या झाडाजवळ गुंडा उभा. तिनं त्याला झडप घालून उचललं.

"आला का वो त्यो त्यात? खरं सांगा!"

मानसिंग काळ्या फडक्यातून डोकं काढत म्हणाला, "न्हाई वो वैनी. कडंला हुता त्यो. त्येला कोन बगतंय? उंदीर कसं गप बसलं ते बगा की!"

तिच्या जिवात जीव आला.

फोटो आठ दिवसांनी टपालानं आला, तेव्हा तात्याबा पेन्शन आणायला साताऱ्याला गेले होते. जाताना पत्र लिहून, पाकिटावर पत्ता घालून ठेवलं होतं. फोटो आला की आत घाल, खळ लावून चिकटव आणि टपालवाल्याच्या हातात दे, एवढं सांगून गेले होते. बनुबाईनं कागद उलगडला.

फोटो सुरेख आला होता, हे तिलासुद्धा कळलं. ठेसनाच्या भोकातून एक उंदीर तिकीट मागायला आल्यासारखा तोंड काढून बसला होता. कचेरीत दोघं. चर्चच्या झेंड्याखाली एक. डाळिंबाची पानं एकेक मोजावीत अशी स्पष्ट. आणि खाली उजव्या कोपऱ्यात गुंडा. नाकात मुरणी, तोंडात शेंग, आणि पेटीकडं बघून असा हसत होता, जणू समोर आपलं कुणीतरी उभं आहे.

पहिल्यांदा तिला आनंद झाला. त्या आनंदानंच पुढं तिला आयुष्यभर छळलं. ती कितीतरी वेळ तो हसरा चेहरा बघत बसली, त्याच्यावरून बोट फिरवलं, आणि मग एकदम तिला नेम आठवला. सावली ओढली गेली होती. पोराचं आयुष्य एका कागदावर उतरून समुद्रापार चाललं होतं, आणि तिथं तर रोज माणसं मरत होती. तिनं कातर घेतली आणि कोपरा तिरका कापून टाकला. तो तुकडा चुलीत घातला. मीठमोहऱ्या घेऊन गुंडावरून ओवाळल्या. फोटो पाकिटात घातला, खळ लावली आणि टपालवाल्याला दिला. तात्याबा आल्यावर फोटो कसा आला होता ते तिनं सांगितलं. कोपऱ्याचं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही.

उत्तर शिमग्याच्या सुमाराला आलं. तात्याबा ओसरीवर बसले, चष्मा लावला. बनुबाई दाराआड उभी राहिली.

"'तीर्थरूप तात्यांस सयाजीचा साष्टांग नमस्कार. फोटो मिळाला. ठेसनातला उंदीर बघून आधी हसू आलं. मग कोपरा बघितला.'"

तात्याबा थांबले. "कोपरा? कसला कोपरा?" असं पुटपुटून पुढं वाचू लागले.

"'मी पोराचा फोटो मागितला आणि आपण उंदरांचा पाठवलात, तेव्हाच समजायला पाहिजे होतं. पत्रात खुशाल आहे असं लिहिलंत, लिहिताना हात धजला नसणार. पण मी फलाटावर सांगितलं होतं ते आपण ध्यानात ठेवलंत आणि कोपरा कापलात, हे मोठे उपकार. इथं एक नदी आहे. तिच्यात गुंडाच्या नावानं आंघोळ केली. त्याला उंदीर आवडत होते एवढं तरी कळलं. बनूला सांभाळा.'"

मागं बागेत गुंडा उंदरांना हाका मारत होता.

"पोरी," तात्याबा म्हणाले, "तू फोटूचा कोपरा कापलास?"

तिनं सगळं सांगितलं. तात्याबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. गेल्या खेपेला सयाजी परत पलटणीत गेला तेव्हा ते त्याला पोचवायला ठेसनावर गेले होते. गाडीत चढताना तो म्हणाला होता, "तात्या, आता खोटं लिवू नगा. लिवायचा धीर न्हाई झाला तर नुसता कोपरा कापून पाठवा. मी समजंन." मेल्याच्या बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे बनुबाईला काय माहीत नव्हतं? पण ते कार्ड असतं. उंदरांच्या फोटोला कुणी कार्ड म्हणतं का! आणि फलाटावरचं बोलणं तात्याबांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला कशाला उगीच घाबरवायचं, म्हणून.

बनुबाई मागच्या दाराकडं गेली. पोरगं डाळिंबाखाली उकिडवं बसलं होतं. धडधाकट, गुडघ्याला माती. त्याच्या बापानं त्याच्या नावानं आंघोळ करून टाकली होती. जिवंत पोराच्या नावानं! तिनं तोंडात पदर कोंबला आणि तिथंच खाली बसली.

तात्याबांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. झालं ते सगळं जसंच्या तसं. सागरेश्वराची शपथ घातली. खाली बनुबाईच्या अंगठ्याचा ठसा घेतला. महिन्या-दीड महिन्यानं उत्तर आलं ते चार ओळींचं.

'तात्या, मागच्या खेपेलाही आपण असंच लिहीत होता. बाळाला दात आले असं लिहिलं होतं. मी ती पत्रं सगळ्या तंबूला वाचून दाखवत होतो. आता पुरे.'

आता म्हाताऱ्याची चूक काढायची तर काढता येते. पण त्या दिवशी त्यांच्याकडं बघणाऱ्यानं ती काढली नसती. चार दिवस त्यांनी बागेत पाऊल टाकलं नाही, की उंदरांना दाणा टाकला नाही. बनुबाईच टाकायची. टाकता टाकता एक दिवस तिला सुचलं आणि ती धावतच ओसरीवर आली.

"मामंजी, ती काच! फोटूवाल्याकडची काच आसंल की! तिच्यात गुंडा हाय. तिच्यावरनं दुसरा फोटू निघंल, कोपऱ्यासकट. उंदीर त्येच, घरं तीच, आन पोरगं मदी. मग तर मानत्याल?"

तात्याबा उठून उभेच राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी गुंडाला घेऊन दोघं सांगलीला गेली. पेठेतल्या माडीवर मानसिंगाचं दुकान. त्यानं बसायला बाकडं दिलं, पाणी दिलं, आणि काचेचं नाव काढल्यावर त्याचं तोंड उतरलं.

"तात्या, ती काच आता कुठली? सोड्याच्या ऊन पान्यात घालून धुतली. लढाईत काच मिळतीया कुटं? जुन्या समद्या धुतो आन फ्रेमीला लावतो."

"कंच्या फ्रेमीला?" बनुबाईनं विचारलं.

"आता कसं सांगू वैनी? ह्यातलीच येकादी आसंल." त्यानं भिंतीकडं हात केला. भिंतीवर ओळीनं फ्रेमा होत्या. पलटणीतले जवान, वकील, एक गणपती, एक नवरा-नवरी.

बनुबाई उठली आणि एकेका फ्रेमीपुढं जाऊन उभी राहू लागली. काचेत धुतल्यावर काही राहत नाही, हे मानसिंग तिला समजावत होता. ती ऐकत नव्हती. सगळ्या फ्रेमा बघून झाल्यावर ती परत बाकड्यावर येऊन बसली. गुंडाला मांडीवर घेतलं, त्याच्या गालाला काजळाचा ठिपका लावला आणि म्हणाली, "काडा ह्येचा."

"सूनबाई, तुजा नेम..."

"नेम ऱ्हाऊ द्या, मामंजी. काडा."

रंगवलेल्या पडद्यापुढं गुंडाला स्टुलावर उभा केला. मानसिंग आकडे मोजत होता तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते. त्यानंतर महिनाभर ती सकाळ-संध्याकाळ पोराच्या कपाळाला हात लावून बघायची. एकदा नुसती शिंक आली तर तिनं त्याला दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही. पोराला काही झालं नाही. फोटो इटलीला पोचला, आणि श्रावणात उत्तर आलं.

'फोटो मिळाला. पोरगं गोड आहे. कुणाचं आहे? कपाळावरून नाथाजीच्या घरचं वाटतं. बनूचं मन रमत असेल तर राहू दे. माझी ना नाही.'

नाथाजी हा सयाजीचा चुलतभाऊ. त्याला सहा पोरं. एकाच पणज्याची पतवंडं म्हटल्यावर कपाळं सारखी असणारच. पण हे आता सयाजीला कोण सांगणार, आणि सांगितलेलं तो मानणार कसा? बनुबाईनं ते पत्र तात्याबांच्या हातातून घेतलं आणि नीट घडी करून ठेवून दिलं. लढाई थांबली होती. माणूस जिवंत होता, येणार होता. कागदाला माणूस फसेल, पण पोराला समोर बघून बाप फसेल काय? रक्त ओळखतंच. हे ती सगळ्यांना सांगायची. सांगून सांगून तिचं तिला खरं वाटायला लागलं होतं.

शेहेचाळीसच्या माघात सयाजी आला. भावकी ओसरीवर जमली होती. बनुबाईनं गुंडाला नवी टोपी घातली होती, आणि काय म्हणायचं ते आठ दिवस घोकून घेतलं होतं. सयाजी दारात आला. वाळला होता, कानाजवळचे केस पिकले होते. तात्याबांच्या पायावर डोकं ठेवून उठला तेव्हा गुंडा पुढं झाला आणि घोकल्याप्रमाणं म्हणाला, "बाबा, मी गुंडा."

सयाजीनं त्याच्याकडं बघितलं. नीट बघितलं. मग सयाजीनं पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि नाथाजीकडं वळून विचारलं, "कितवा रं ह्यो तुजा?"

"सयाजी, ह्ये तुजं हाय!" नाथाजी म्हणाला. "माज्या पोरांच्या गळ्याची आन!"

"बरं बरं," सयाजी म्हणाला.

त्या 'बरं बरं'नं बनुबाईचं काळीज फाटलं. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून माणूस जसं म्हणतो तसं तो म्हणाला होता. पुढचे कित्येक दिवस तो तसंच म्हणत राहिला. भावकीनं शपथा घेतल्या, सुईण येऊन सांगून गेली. जितकी माणसं सांगत तितका तो समजुतीनं मान हलवायचा. गाव आपल्यासाठी एवढं खोटं बोलतंय याचंच त्याला भरून यायचं. तात्याबांनी पाटलाच्या दप्तरातली जन्माची नोंद काढून दाखवली. त्यानं वाचली आणि म्हणाला, "त्यो जल्माला आल्ता ह्ये मी कवा न्हाई म्हनलो?"

आणि वेडा म्हणावा तर तोही नव्हता. उसाला पाणी पाजायचा, बैल धुवायचा, चावडीवर बसून इटलीच्या द्राक्षांच्या गोष्टी सांगायचा. बनुबाईशी तर पूर्वीपेक्षा मऊ वागायचा. तिला पोराचा ध्यास लागला आहे, म्हणून तिनं हे दुसऱ्याचं पोर धरलं आहे, असं त्यानं मनाशी लावून घेतलं होतं, आणि त्याबद्दल तो तिला एका शब्दानं बोलला नाही. तात्याबांवर रागावला नाही. तो रागावला असता तर भांडता तरी आलं असतं.

गुंडावर त्याचा जीव नव्हता असंही नाही. पण तो जीव शेजारच्या पोरावर असतो तसा. त्याला तो 'पाव्हणं' म्हणायचा. जेवताना आधी त्याला वाढायला सांगायचा. एक दिवस दुपारी बनुबाई बागेत धुणं वाळत घालत होती, तर बाप-लेक डाळिंबाखाली बसले होते. ठेसनाचं छप्पर निघालं होतं, ते सयाजी ठोकत होता.

"पाव्हणं, ह्ये उंदीर हायत न्हवं, ह्ये माज्या गुंडाचं. त्यो हितं खेळायचा. तुज्यायेवढाच आसता आता."

"मीच गुंडा हाय," पोरगं म्हणालं.

"व्हय रं बाळा. तूबी गुंडाच."

बनुबाईच्या हातातलं लुगडं चिखलात पडलं. ते तिनं उचललं आणि परत धुवायला घेतलं. रडायलाही आता तिला कंटाळा आला होता. रात्री झोपताना गुंडा तिला विचारायचा, "आय, बाबा मला पाव्हणं का म्हनत्यात?" आणि ती म्हणायची, "लाडानं." हेही एक खोटंच. त्या घरात खोटं फक्त प्रेमापोटीच बोललं गेलं होतं, सुरुवातीपासून.

पाडवा झाला. उसाची तोड संपली, गुऱ्हाळ उठलं. एक दिवस सकाळी तात्याबा मळ्यात गेले होते. सयाजी ओसरीवर भाकरी खात होता आणि गुंडा त्याच्याच ताटातला गूळ चाटत होता. खाता खाता सयाजी थांबला, पोराकडं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बनुबाईला वाटलं, ओळखलं. देवा, ओळखलं यांनी. ती चुलीपुढनं उठून उंबऱ्यापर्यंत आली.

"बने," तो हळू आवाजात म्हणाला, "लय दिस झालं. मी कायबी बोललो न्हाई. पर बरं न्हवं ह्ये. पोराला पोचवून ये त्येच्या घरी. त्येच्या आयचाबी इचार कर. ती वाट बगत आसंल."

वर्षभर ती बोलतच होती. पत्रांतून, शपथांतून, अंगठ्याच्या ठशातून. सांगायचं असं एकही वाक्य उरलं नव्हतं. तिनं गुंडाचं तोंड पदरानं पुसलं. त्याच्या अंगात सदरा घातला, डोक्यावर ती नवी टोपी ठेवली आणि त्याला बोटाला धरून ओसरीच्या पायऱ्या उतरली. मागं सयाजीनं सुटल्यासारखा श्वास टाकला, तो तिला ऐकू आला.

नाथाजीचं घर गल्लीच्या टोकाला. रस्त्यात ऊन तापलं होतं. गुंडा उड्या मारत चालला होता.

"आय, आपून कुटं चाललोय?"

बनुबाईनं सरळ समोर बघितलं.

"तुज्या आयकडं," ती म्हणाली.